जुन्या खोक्यातल्या गोळ्या

शीला भाजीवाल्याला "ताजी आहे का" असं कधी विचारत नाही. विचारून उपयोग काय, तो शिळी आहे असं थोडंच सांगणार? ती जुडी उलटी करते, देठ नखाने मोडून बघते आणि पटलं नाही तर ठेवून पुढच्या गाडीवर जाते. ती राहते त्या मांजर्लीतले भाजीवाले तिला लांबून येताना पाहूनच चांगला माल पुढे काढतात, कारण सकाळच्या प्रहरी कटकट कोणाला हवी असते. दूधवाला, रिक्षावाला, गॅसचा माणूस, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला नातेवाईक, सगळ्यांना ती याच नजरेने जोखते. सासरी असलेली तिची लेक कीर्ती म्हणते, "आई, तू बारशाला गेलीस तरी बाळ आधी उलटं करून बघशील."

हा स्वभाव काही तिने माहेराहून आणला नव्हता. तो कामाने लावला. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या एका कारखान्यात ती वीस-बावीस वर्षं फिनिशिंगला आहे. फिनिशिंग म्हणजे लोंबणारे धागे कापायचे, बटणं ओढून बघायची आणि सगळ्यात शेवटी लेबल लावायचं. लेबल शेठ सांगेल ते. एकाच ताग्यातल्या, एकाच मशीनवर शिवलेल्या दोन पँटी. एकीला कोणी ऐकलं नसेल असं नाव, दुसरीला असं नाव की गिऱ्हाइकाने दुकानात शिरल्याशिवाय राहू नये. शेजारच्या पाटावर बसणारी बकुळा म्हणायची, "लेबल लागलं की पँटीची चालच बदलते गं." शीला हसायची, पण मनाशी तिने एक गोष्ट पक्की धरली होती, की पुढून कशालाच भुलायचं नाही. इंग्रजी तिला धड वाचता येत नाही. पण हजारो लेबलं हाताखालून गेल्यामुळे अक्षरांची चण, छपाईचा रंग, कडेची रेघ हे तिला वाचणाऱ्यापेक्षा आधी दिसतं. आणि चोरी पकडायची कशी, हेही शेठनेच शिकवलं होतं. "जिसपे शक है, उसको पूछने का नहीं, सिर्फ देखने का." विचारलं की माणूस सावध होतो.

अशा बाईला कॅन्सर झाला. पाच वर्षांपूर्वी डाव्या बाजूला गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली. केमोबद्दल शीलाची काही तक्रार नाही. केस गेले, तोंड आतून सोलून निघालं, पाण्याचा घोट नरड्याखाली उतरेना. तिला ते सगळं पटलं. एवढा मोठा आजार, त्याचं औषध माणसाला लोळवणारच. पुढची तीन-साडेतीन वर्षं बरी गेली. मग कंबर धरली. ती समजली पाटावर बसून बसून धरली असेल. तपासण्या झाल्या आणि कळलं की आजार हाडात जाऊन बसलाय.

या खेपेला मात्र ना ऑपरेशन, ना केमो. अंबरनाथ पूर्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या. एक लहान गोळी रोजची. दुसरी मोठी, ती तीन आठवडे घ्यायची आणि चौथ्या आठवड्यात सुट्टी. सुट्टीच्या शेवटी रक्त तपासायचं आणि पुन्हा सुरू. मॅडम म्हणाल्या, ही गोळी नेमकी कॅन्सरच्या पेशींवर जाते, केमोसारखी सगळीकडे सरसकट हात चालवत नाही.

शीलाला पहिली शंका तिथेच आली. कारण गोळी सुरू झाली आणि काहीच झालं नाही. थोडा थकवा यायचा, कधी तोंड यायचं, बस्स. केस डोक्यावर जिथल्या तिथे. जेवण जायचं. कंबरेचं दुखणं कमी झालं, पण ते म्हणे महिन्याच्या महिन्याला हाडाचं इंजेक्शन देतात त्यानेही होतं. ती पुन्हा अर्धा दिवस कामावर जाऊ लागली. बकुळा म्हणाली, "बघ, कशी टवटवीत दिसतेस." शीला मनात म्हणाली, हेच तर. एवढ्या मोठ्या आजाराचं औषध आणि त्याला दात नाहीत?

दुसरी शंका नवऱ्याची. महेंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर. मितभाषी माणूस, ताट चाटूनपुसून स्वच्छ करणारा, गल्लीत कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणजे बोलतो, पण त्याआधी पाणी पितो. शीलाला हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक आहे हे तिने त्याला कधी कळू दिलेलं नाही. "अहो, या गोळ्या अजून किती दिवस?" तिने एकदा जेवताना विचारलं. महेंद्रने तांब्या उचलला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "थोडे दिवस. बघू, मॅडम सांगतील." मॅडम तर जे सांगायचं ते त्यालाच सांगत. शीलाचं वजन झालं, बीपी झालं, की "ताई, तुम्ही बाहेर बसा जरा," आणि दार लोटलं जाई. दाराच्या आत काय बोललं जातं ते तिला कधी कळलं नाही. बाहेर येताना महेंद्रचा चेहरा मात्र धुऊन वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा असे, त्यावरून काही म्हणजे काही वाचता येत नसे. त्यात भर म्हणजे तो हल्ली फोन आला की जिन्यात जाऊन बोलू लागला होता. शीलाच्या मनात पाल चुकचुकायला एवढं पुष्कळ होतं.

आणि मग तिने खोकं पाहिलं.

मोठी गोळी पहिल्यापासून एका जाड, गुळगुळीत खोक्यात यायची. छपाई अशी की बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागावं. परदेशी कंपनी आहे, महेंद्र म्हणाला होता. एका संध्याकाळी जेवणानंतर गोळी काढायला तिने खोकं हातात घेतलं आणि तिचा हात थांबला. खोक्याचे कोपरे मऊ पडले होते. दर महिन्याला नवीन येणाऱ्या खोक्याचे कोपरे मऊ कसे पडतील? तिने ते उजेडात नेऊन उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक आकडे होते, तारीख होती. आतली पट्टी काढली, तिच्यावरही आकडे होते. ते जुळेनात. कंपनीच्या नावाची अक्षरं जुळेनात. खोक्यावरचं नाव लांबट आणि तिरकं, पट्टीवरचं बसकं आणि सरळ. पट्टीच्या कडेला कात्री लागलेली, जणू कोणीतरी तिथला मजकूर मुद्दाम कापला होता.

शीला पलंगावर बसली. माल एकाचा आणि लेबल दुसऱ्याचं, हे काम तिने आयुष्यभर केलं होतं. ते तिला झोपेतसुद्धा ओळखता आलं असतं. तिला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण हे खोकं घरात आणणारा माणूस एकच होता. औषधाच्या दुकानवाल्याने, हिंदुरावने, त्याला फसवलं असेल? पण मग कात्री कोणी लावली? जुनं खोकं कोणी जपून ठेवलं? म्हणजे महेंद्रला माहीत होतं. आपल्याला काहीतरी पांढरी पूड दाबून केलेल्या गोळ्या चारतोय आणि रोज विचारतोय, "गोळी घेतलीस ना?" का? थकला असेल? की मॅडमनी दार लोटून सांगितलं असेल की आता हिच्यावर खऱ्या औषधाचा खर्च कशाला? हा विचार डोक्यात आला तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली, पण आलेला विचार परत जाईना. संशयाला औषध नाही म्हणतात. इथे तर औषधाचाच संशय.

दुसऱ्या कोणी बाईने खोकं नवऱ्यापुढे आपटलं असतं आणि दहा मिनिटांत सगळा उलगडा झाला असता. पण शीला शेठच्या शाळेत शिकलेली. विचारायचं नाही, बघायचं. तिने ठरवलं, ही गोळी खायची नाही आणि काय होतं ते पाहायचं. खरी असेल तर अंग सांगेल. खोटी असेल तर काहीच फरक पडणार नाही. तिला हे फार हुशारीचं वाटलं. शहाण्या माणसाचा मूर्खपणा नेहमी असाच दिसतो, नीट इस्त्री केलेला.

सुट्टीचा आठवडा संपून नवा महिना लागला. रोज जेवण झालं की ती महेंद्रसमोर पट्टीतून गोळी काढायची, पाण्याचा पेला घेऊन मोरीकडे वळायची आणि गोळी मुठीत ठेवून नुसतं पाणी प्यायची. नंतर गोळी बटणांच्या डब्यात. फेकून देववेना, कारण फेकली आणि खरी निघाली तर? संशयी माणसाला धड विश्वास ठेवता येत नाही आणि धड अविश्वासही. लहान गोळी मात्र ती इमानदारीने घेत होती. तिचं खोकं आणि तिची पट्टी जुळत होती ना.

अंगाने काय सांगितलं? अंग म्हणालं, मस्त आहे. थकवा गेला. तोंड आलं नाही. उल्हासनगर स्टेशनचा पूल ती न थांबता चढून गेली आणि वर उभी राहून हसली, ते हसू चांगलं नव्हतं. झालं सिद्ध, ती म्हणाली. घरी महेंद्र म्हणाला, "बरी दिसतेस आज." ती म्हणाली, "हो ना. तुमच्या गोळ्या लागू पडल्या." त्याला टोमणा कळला नाही. तो खूश झाला आणि त्याने भात पुन्हा वाढून घेतला. त्याचं ते खूश होणं तिला सगळ्यात खोटं वाटलं.

महिना संपला, रक्त दिलं, आणि दोघं मॅडमकडे गेली. या वेळी शीला तयारीने गेली होती. दार लोटायची वेळ आली की खुर्चीवरून हलायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. पण मॅडमनी तिला बाहेर जायला सांगितलंच नाही. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मागचे रिपोर्ट काढले, पुन्हा हा पाहिला.

"शीलाताई, मोठी गोळी घेतलीत ना रोज?"

"घेतली की," शीला म्हणाली. एवढी पाळत ठेवणारी बाई, पण स्वतः खोटं बोलताना तिला पाणीसुद्धा लागलं नाही.

"मग हे कसं?" मॅडम म्हणाल्या. "ही गोळी पोटात जात असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. तुमच्या दर महिन्याला खाली असतात, म्हणून तर आपण सुट्टीचा आठवडा देतो. या वेळी एकदम निरोगी माणसासारख्या आहेत. एक तर गोळी घेतली नाही, नाही तर गोळीत औषध नाही."

शीलाला आतून लख्खकन वाटलं, बघा, मी म्हणत नव्हते? आणि त्याच क्षणी तिला दुसरी गोष्ट कळली. दर महिन्याला खाली असतात. म्हणजे त्या मऊ कोपऱ्यांच्या खोक्यातल्या गोळ्या खाऊनही पेशी खाली येत होत्या.

ती महेंद्रकडे वळली. तो उठून उभा राहिला होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मॅडम, चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुम्हीच लिहून दिलं होतं, की आता आपल्याकडच्या कंपन्या हेच औषध करतात, परवडेल, तेवढंच चांगलं आहे. मी तेच आणलं. पण हिला सांगितलं नाही. हिला कळलं असतं तर म्हणाली असती डुप्लिकेट आहे आणि तोंडात घातली नसती. म्हणून जुन्या खोक्यात घालून देत होतो. पट्टीच्या कडेला छापलेलं मोठं नाव कापत होतो." बोलता बोलता त्याने खिशातून फोन काढून दुकानात लावला. "हिंदुराव, कुठला माल दिलास तू मला? मी विचारतोय कुठला माल? माझ्या बायकोच्या जिवाशी खेळलास तू. मी येतोय तिकडे, थांब तू. दुकान जाळून टाकीन." हा माणूस, जो रिक्षावाल्याशीही कधी वर आवाजात बोलला नव्हता, तो डॉक्टरच्या खोलीत उभा राहून शिव्या देत होता आणि रडत होता. पलीकडून हिंदुराव काहीतरी शपथा घेत असल्याचं ऐकू येत होतं.

शीलाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"दादा, शीला बोलते. गोळ्या बरोबर आहेत. मीच खाल्ल्या नाहीत," ती म्हणाली आणि फोन बंद करून टेबलावर ठेवला. "मॅडम, महिन्याभराच्या सगळ्या घरी डब्यात आहेत. एकही घेतली नाही."

मॅडमनी चष्मा काढला. मग त्या बोलल्या, आणि बऱ्यापैकी बोलल्या. दवाखान्यात जे ऐकायची शीलाला सवय नव्हती ते सगळं तिने मान खाली घालून ऐकलं. स्कॅन करावा लागेल, या महिन्यात आजार हलला असेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, गोळी आजपासूनच सुरू करायची.

"करते," शीला म्हणाली. "पण मला एक सांगा. अजून किती दिवस?"

मॅडमनी महेंद्रकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नका बघू. आजार माझा आहे."

"दिवस नाहीत, ताई. जोवर ही गोळी काम करते तोवर ती चालू. थांबली की दुसरी शोधू. हा आजार मुळासकट जाणार नाही. पण दाबून ठेवता येतो. किती वर्षं ते मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. मागच्या स्कॅनमध्ये तो जागच्या जागी होता, आणि तो या गोळ्यांनीच ठेवला होता."

शीलाला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपण कोसळू. ती कोसळली नाही. तिचे डोळे भरून आले, पदराने पुसले, पुन्हा आले. पण या सगळ्या काळात पहिल्यांदा कोणीतरी तिच्याशी सरळ बोललं होतं, आणि त्या वाईट बातमीचा तिला इतका आधार वाटला की तिची तिलाच लाज वाटली.

बाहेर बाकावर दोघं बसली. समोर पेशंटांची रांग, कोणाचा नंबर पुकारला जात होता. महेंद्र खालच्या दुकानातून गोळ्या घेऊन आला होता. गोळी भरल्या पोटी घ्यायची म्हणून शीलाने पिशवीतला डबा उघडून चपातीचा तुकडा मोडला.

"माझ्यावर संशय घ्यायचा तर तोंडावर घ्यायचा होतास," महेंद्र म्हणाला. "जीव कशाला पणाला लावलास?"

"तुम्ही तरी तोंडावर खरं कधी बोललात?" शीला म्हणाली. "वर्षभर थोडे दिवस, थोडे दिवस. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि कोणाला सांगितलं?"

"कीर्तीला. फोनवर." तो जमिनीकडे बघत होता. "तुझ्यासमोर कसं बोलणार?"

शीलाने चपाती खाल्ली. घास गिळताना तिला जाणवलं की तिला या माणसाचा भयंकर राग आलाय आणि याच्याइतकं जवळचं तिला जगात कोणी नाही. दोन्ही एकदम वाटत होतं आणि दोन्ही खरं होतं. तिने डबा मिटला. महेंद्रने पट्टीतली गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती तोंडात टाकली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि बाटलीचं बूच लावलं.

महेंद्र तिच्याकडे बघतच होता.

"तोंड उघड," तो म्हणाला.

"काय?"

"तोंड उघड. बघू दे."

शीला बिथरली. "मी काय लहान पोर आहे? लोक बघताहेत."

"बघू देत." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो दमलेला होता. "मला आता तुझा भरवसा नाही."

हे वाक्य तिने आयुष्यात किती जणांना म्हटलं असेल, मनात आणि उघडही. तिला ते कोणी म्हटलं नव्हतं. ते इतकं लागतं हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटलं भांडावं, उठून चालू लागावं, म्हणावं की घेतली ना, आता काय पोट फाडून दाखवू. पण त्याचे डोळे अजून लाल होते, आणि या एका बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवायचं त्याला खरोखरच काही कारण उरलेलं नव्हतं.

बाकावरची शेजारची बाई टक लावून पाहत होती. शीलाने तोंड उघडलं, जीभ वर केली, आणि त्याचं समाधान होईपर्यंत तशीच बसून राहिली.